जगणारं रोप विका : घरच्या घरी लॅव्हेंडरची कटिंग आणि तिचा खरा हिशोब



लॅव्हेंडरच्या कटिंगचा व्हिडिओ बघितला असेल तर माझे हात, कात्री आणि ट्रे तुम्ही पाहिलाच आहे. (कटिंग म्हणजे चहाची नाही, फांदीची. दुकानात हा विनोद मला रोज ऐकावा लागतो, म्हणून आधीच मीच केला.) पण बारा मिनिटांच्या व्हिडिओत आकडे मावत नाहीत, आणि चुका तर आपण सगळेच एडिट करून टाकतो. या लेखात दोन्ही आहेत. कटिंग कशी लावायची हे पायरी-पायरीने सांगते, आणि त्यातून धंदा होतो का, होत असेल तर किती, हे माझ्या वहीतून सांगते.

लेख लिहायला बसले त्याचं कारणही सांगते. मागच्या महिन्यात एक ताई दुकानात आल्या. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भावाने लॅव्हेंडरसाठी शेडनेट उभारायचं ठरवलंय, तुम्ही फक्त मदर प्लांट द्या, असं म्हणाल्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वही उघडून समोर ठेवली. तीच वही आता तुमच्यापुढे ठेवते.

आधी माझी चूक

नाशिकला माझं रोपं, कुंड्या आणि मातीचं छोटं दुकान आहे. बीबीएला असताना मार्जिन, टर्नओव्हर, इन्व्हेंटरी सगळं शिकले होते. पण आपली इन्व्हेंटरी जिवंत असेल आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मरत असेल तर काय करायचं, हा धडा त्या पुस्तकात नव्हता.

२०२२ च्या जानेवारीत मी एका होलसेलवाल्याकडून ४० लॅव्हेंडरची रोपं आणली. जांभळ्या तुऱ्यांनी भरलेली. एक रोप ११० रुपयांना पडलं, मी २५० ला विकलं. मार्च संपायच्या आत सगळी गेली. कागदावर ५,६०० रुपये नफा. मी खूश.

ऑगस्टमध्ये एक काकू आल्या. हातात माझ्याच दुकानाची कुंडी आणि त्यात काळ्या पडलेल्या काड्या. भांडायला आल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, तू दिलंस म्हणून घेतलं मी. पाणी घातलं, खत घातलं, पावसात ठेवलं छान वाढावं म्हणून. काय चुकलं माझं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपण कुठलंही रोप पावसाळ्यात बाहेर ठेवतो, ते तरारून येतं. लॅव्हेंडर त्याच पावसात मरतं, आणि हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं.

त्या रात्री मी डिलिव्हरीच्या वहीतून चाळीसही नंबर काढले आणि दोन दिवसांत सगळ्यांना फोन केले. ३१ रोपं मेलेली. ६ जिवंत. तिघांनी फोन उचलला नाही. मी पैसे परत करायचं ठरवलं. काकू सोडून बाकी तीस जणांना २५० प्रमाणे ७,५०० रुपये दिले. काकूंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसे ठेव तुझ्याकडे. जगणारं रोप आलं की दे."

आता गणित करा. विक्री १०,०००. खरेदी ४,४००. परतावा ७,५००. म्हणजे १,९०० रुपये तोटा, आणि ५,६०० नफा झाला या समजुतीत काढलेले सहा महिने. तेव्हापासून दुकानात एक नियम आहे : एक पूर्ण पावसाळा काढलेलं लॅव्हेंडरच विकायचं. विकत आणून लगेच विकायचं नाही. त्यासाठी रोप स्वतःच्या हाताने, आपल्या हवेत तयार करणं आलं. आणि तिथून कटिंग आली.

लॅव्हेंडर म्हणजे एकच झाड नाही

माझ्या त्या चाळीस रोपांच्या पावतीवर फक्त 'लॅव्हेंडर' लिहिलं होतं. हे म्हणजे पावतीवर नुसतं 'तांदूळ' लिहिण्यासारखं झालं. इंद्रायणी, कोलम की बासमती, ते कळायला नको? तुम्ही मदर प्लांट घेताना पूर्ण नाव विचारा.

ज्याच्या तेलाचं सगळ्यांना वेड आहे ते लॅव्हॅन्डुला अँगुस्टिफोलिया, म्हणजे इंग्लिश लॅव्हेंडर. याला थंडी हवी, कोरडी हवा हवी. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहला याचीच शेती होते. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम संस्थेने अरोमा मिशनमधून तिथल्या शेतकऱ्यांना लागवड शिकवली, २०२२ मध्ये भद्रवाहला लॅव्हेंडर महोत्सव झाला, आणि 'जांभळी क्रांती' हे नाव बातम्यांतून आपल्यापर्यंत पोचलं. ती गोष्ट खरी आहे आणि कौतुकाची आहे. पण भद्रवाह समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे, हिवाळ्यात बर्फ पडतो. आपलं नाशिक साधारण ६०० मीटरवर. तिथलं यश बघून इथे कर्ज काढणं म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बघून जळगावात मे महिन्यात वाफे करण्यासारखं आहे.

आपल्याकडे कुंडीत त्यातल्या त्यात तग धरतं ते लॅव्हॅन्डुला डेंटाटा. पानांच्या कडा दातेरी असतात, त्यावरून ओळखा. यालाच बऱ्याच ठिकाणी फ्रेंच लॅव्हेंडर म्हणतात. ऊन जास्त सोसतं, थंडी कमी मिळाली तरी चालतं. पण वास थोडा कापराकडे, रोझमेरीकडे झुकणारा असतो, साबणाच्या जाहिरातीतला गोड वास नसतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. तिसरं लॅव्हॅन्डुला स्टीकस, तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असलेलं. दिसायला फार सुंदर, पण ओलाव्याचं त्यालाही वावडं.

आणि एक गंमत. लॅव्हेंडर अगदीच परदेशी पाहुणं नाही. लॅव्हॅन्डुला बायपिनाटा आणि लॅव्हॅन्डुला गिब्सोनाय या त्याच घराण्यातल्या जंगली जाती आपल्या सह्याद्रीच्या बाजूला उगवतात. ट्रेकला गेलात तर बघा, फोटो काढा. उपटून आणू नका, कुंडीत लावायच्या त्या जाती नाहीत.

बियाणं का नाही?

कारण तीन. एक, लॅव्हेंडरचं बी उगवायला फार वेळ घेतं, इंग्लिश जातीच्या बियाला तर आधी काही आठवडे फ्रिजमध्ये गारवा दिला तर बरं उगवतं. दोन, बियाची रोपं एकसारखी येत नाहीत, एक उंच, एक बुटकं, एकाचा रंग फिका. तीन, पाकिटात खरंच काय आहे ते तुम्हाला चार महिन्यांनी कळतं.

कटिंग म्हणजे आपलं जुनं छाट कलम. आजी जास्वंदीची फांदी खोचायची, तेच. मदर प्लांटची फांदी म्हणजे मदर प्लांटच. जे झाड आपल्या हवेत एक-दोन वर्षं जगलंय, त्याच्याच काड्या लावल्या तर तोच गुण पुढे येतो. धंद्यात याला किंमत आहे, कारण गिऱ्हाइकाला काय देतोय ते तुम्हाला माहीत असतं.

कधी लावायची?

नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यात ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य, रात्री गार. पावसाळ्यात जास्वंद लावा, मोगरा लावा, लॅव्हेंडर लावू नका. काडी मूळ धरायच्या आधी कुजते. एप्रिल-मेमध्ये उलटं, काडी सुकून जाते. कोकणात आणि गोव्यात हवेतच ओलावा असतो, तिथे डिसेंबर-जानेवारी हाच काय तो काळ धरा.

आता कामाला लागू

१. मदर प्लांट तयार करा. झाड निदान वर्षभराचं, निरोगी हवं. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. महिनाभर आधीपासून खत बंद, कारण खत खाऊन वाढलेली लुसलुशीत फांदी मूळ धरण्याऐवजी सडते. एका झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्या काढू नका. मदर प्लांट हे तुमचं भांडवल आहे, भांडवल मोडून खायचं नसतं.

२. फांदी निवडा. फुलं किंवा कळी नसलेली फांदी घ्या. फुलणाऱ्या फांदीची ताकद फुलात जाते, मुळात नाही. अशी फांदी मिळालीच नाही तर कळी खुडून टाका. शेंडा हिरवा आणि बुंध्याकडे नुकती घट्ट व्हायला लागलेली, अशी फांदी उत्तम. वाकवून बघा : लवचीक असावी, पण पिळली तर रस येईल इतकी कोवळी नको, आणि काटकीसारखी कडक तपकिरी तर नकोच.

३. कापा. सकाळी, ऊन चढायच्या आत. कात्री स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसून घ्या, दर झाडामागे पुन्हा पुसा. काडी ८ ते १० सेंटीमीटर लांब. खालचा काप पानांच्या जोडीच्या गाठीखाली लगेच घ्या, कारण मुळं बहुतेक त्या गाठीपाशी फुटतात. खालची निम्मी पानं हलक्या हाताने काढा, साल सोलू नका. मातीत गेलेलं पान कुजतं आणि काडीलाही कुजवतं. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात ठेवा आणि तासाभरात लावून टाका.

४. माध्यम बनवा. धुतलेलं कोकोपीट एक भाग आणि जाडी, चाळून धुतलेली वाळू किंवा परलाइट एक भाग. बस. बागेतली माती नाही, शेणखत नाही, गांडूळखत नाही. काडीला या वेळी जेवण नको असतं, तिला तोंडच नाही. तिला हवा हवी आणि जेमतेम ओल. मूठभर मिश्रण घट्ट दाबा : बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त ओलं.

५. पावडर लावा. मुळं फुटण्याची पावडर, म्हणजे आयबीए असलेली, कृषी सेवा केंद्रात मिळते. काडीचं टोक त्यात बुडवा आणि झटका. थर जास्त बसला म्हणून मुळं जास्त येत नाहीत, उलट टोक जळतं. डबीत थेट काडी घालू नका, थोडी पावडर कागदावर काढून घ्या. पावडर नसेल तरी मुळं येतात, फक्त वेळ जास्त लागतो आणि गळती वाढते.

६. लावा. सीडलिंग ट्रे किंवा खाली भोकं पाडलेले कागदी कप, काहीही चालेल. आधी पेन्सिलने भोक करा, मग काडी सोडा. थेट खोचली तर पावडर वरच पुसली जाते. बाजूने हलकं दाबा. ट्रेवर तारीख आणि जात लिहा. ही पायरी सगळे विसरतात आणि नंतर अंदाजाने धंदा करतात.

७. ठेवा. भरपूर उजेड, पण थेट ऊन नाही. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरीतली सावली छान. वरून पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली उपडी घाला, म्हणजे काडी सुकणार नाही. पण लॅव्हेंडरच्या पानावर बारीक लव असते, ओल धरून राहिली की तिला बुरशी येते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं झाकण उघडून वारा द्या. झाकणावर आतून पाणी ओघळत असेल तर जास्त वेळ उघडं ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी झाकण कायमचं काढा. पाणी फवाऱ्याने, फक्त सकाळी, आणि वरचा थर कोरडा वाटला तरच.

८. वाट बघा. मुळं यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. शेंड्याला नवं पान दिसलं म्हणजे मूळ आलं असं नाही, काडी साठवलेल्या ताकदीवरही पान काढते. चार आठवड्यांनी काडी अगदी हलकी ओढून बघा. अडखळली तर मूळ धरलंय. रोज उपटून बघणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

९. कुंडीत हलवा. ट्रेच्या भोकातून मुळं दिसायला लागली की चार इंची कुंडी. शक्यतो मातीची, कारण ती बाजूनेही सुकते. मिश्रण : माती एक भाग, जाडी वाळू एक भाग, कोकोपीट अर्धा भाग, वर मूठभर गांडूळखत. इंटरनेटवर सगळीकडे 'चुना घाला' असं सांगतात. आपली काळी माती बहुधा आधीच अल्कधर्मी असते, चुन्याची घाई नको. तिची अडचण वेगळी आहे : ती पाणी धरून बसते. म्हणून वाळूत कंजुषी नको. हलवल्यावर आठवडाभर सावली, मग रोज थोडं थोडं ऊन वाढवत पाच-सहा तासांवर न्या. रोप स्थिरावलं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन झुडूप भरतं.

१०. उन्हाळा आणि पावसाळा काढा. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन द्या, दुपारी हिरव्या नेटची सावली. बोटभर माती कोरडी झाली की भरपूर पाणी, पुन्हा कोरडी होईपर्यंत काही नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. जून ते सप्टेंबर छपराखाली, पण घराच्या आत नाही. पाऊस लागू नये, उजेड आणि वारा मात्र लागावा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. या चार महिन्यांत पाण्यापेक्षा वारा महत्त्वाचा.

माझी वही

आता ज्यासाठी बरेच जण हा लेख शेवटपर्यंत वाचतात ते.

पहिला ट्रे, नोव्हेंबर २०२२. ५० काड्या. मी प्रेमाने दिवसातून दोनदा पाणी घातलं. सहा काड्यांना मुळं आली, त्याही पुढे टिकल्या नाहीत. तो खर्च मी शिकण्याच्या खात्यात टाकला.

दुसरा ट्रे, जानेवारी २०२३. पुन्हा ५० काड्या, वर सांगितलेल्या पद्धतीने. ३१ ना मुळं आली. मेअखेर २६ जिवंत. ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्यावर, १७.

खर्च :
- डेंटाटाचे सहा मदर प्लांट : १,५०० रुपये
- ट्रे, माध्यम, पावडर : ४५०
- ३१ कुंड्या, मिश्रणासह, २५ रुपयांप्रमाणे : ७७५
- नेट आणि प्लास्टिकचं छप्पर : ६००

झाले ३,३२५ रुपये. १७ ने भागा, एक रोप १९६ रुपयांना पडलं. म्हणजे २५० ला विकलं तर नफा, नाही का?

नाही. माझी मजुरी कुठे गेली? रोजची दहा मिनिटं धरली तरी ३३० दिवसांचे ५५ तास होतात. तासाला फक्त ६० रुपये लावले तरी ३,३००. एकूण ६,६२५. आता १७ ने भागा : एक रोप ३९० रुपयांना.

हाच आकडा मी त्या ताईंना दाखवला. बहुतेक जण लावलेल्या काड्यांवर हिशोब करतात. ५० काड्या गुणिले २५० म्हणजे साडेबारा हजार, आणि मग स्वप्नं. हिशोब लावलेल्या काडीवर करायचा नसतो, जगलेल्या रोपावर करायचा असतो. आणि घरच्या माणसाची मजुरी शून्य धरली की कुठलाही धंदा नफ्यात दिसतो. आपल्याकडे बायकांच्या घरगुती धंद्यात ही चूक हमखास होते. पापड असोत, मसाले असोत नाहीतर रोपं, 'घरचंच तर आहे' म्हणून आपण आपलेच तास फुकट विकतो.

१७ पैकी एक काकूंचं होतं. सहा मी मदर प्लांट म्हणून ठेवली. दहा ३५० रुपयांना विकली, ३,५०० आले. खिशातून गेलेले ३,३२५ वजा करता हातात १७५ रुपये. वर्षभराचे एकशे पंच्याहत्तर.

दुसरं वर्ष बघा. जुन्या मदर प्लांटपैकी चार आणि नवी सहा, अशा दहा झाडांच्या १०० काड्या. मदर प्लांटचा खर्च शून्य. ६८ ना मुळं आली, पावसाळ्यानंतर ४५ उरली. माध्यम, ट्रे, पावडर ७००. कुंड्या १,७००. नेटची डागडुजी ३००. मजुरीचे ६५ तास, म्हणजे ३,९००. एकूण ६,६००. भागिले ४५ : एक रोप १४७ रुपयांना. ३९० वरून १४७. कारण काड्या दुप्पट झाल्या, पण रोज पाणी बघायला लागणारा वेळ दुप्पट झाला नाही, आणि हात सुधारला.

नऊ ठेवली, ३६ विकली, १२,६०० आले. सगळा खर्च आणि माझी मजुरी वजा करून ६,००० रुपये उरले. अकरा महिन्यांचे सहा हजार. चालू दुकानाला जोड म्हणून छान. त्यासाठी पाटल्या गहाण ठेवायच्या का? अजिबात नाही.

मग पैसे कुठे आहेत?

तेलात तर नक्कीच नाहीत. ताज्या फुलांच्या वजनाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपासच तेल निघतं. दहा किलो फुलांमागे शंभर ग्रॅम. गॅलरीतल्या कुंडीला फुलं येतात ती मूठभर. 'घरच्या लॅव्हेंडरचं तेल काढून लाखो कमवा' असा व्हिडिओ दिसला की ही एक ओळ आठवा.

माझ्या अनुभवात पैसे तीन ठिकाणी आहेत.

पहिलं, विश्वासाची किंमत. बाजारात २०० ला फुललेलं लॅव्हेंडर मिळतं, माझं ३५० ला, आणि अनेकदा फुलाशिवाय. तरी जातं. कारण कुंडीला एक कार्ड बांधलेलं असतं : कटिंग कधी लावली, जात कोणती, कुठला पावसाळा काढला, आणि पुढच्या पावसाळ्यात काय करायचं. वास कापराकडचा आहे हेही त्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्यांना एकच मेसेज पाठवते, 'कुंडी छपराखाली घ्या.' एवढ्याने किती रोपं वाचतात म्हणून सांगू.

दुसरं, शिकवणं. एका रविवारी दुकानात आठ जणांचा वर्ग घेतला, प्रत्येकी ४०० रुपये. जमले ३,२००. प्रत्येकाला ट्रे, माध्यम आणि पाच काड्या, त्याचा खर्च माणशी १२०, म्हणजे ९६०. उरले २,२४०, तेही तीन तासांत. त्या रोपांनी अकरा महिन्यांत जे दिलं त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त.

तिसरं, सोबतची विक्री. लॅव्हेंडर घेणारा माणूस मातीची कुंडी, परलाइट आणि फवारा घेतोच. बिल करताना एक लक्षात ठेवा : जिवंत रोपांवर जीएसटी नाही, पण प्लास्टिकच्या कुंड्या, फवारे अशा वस्तूंवर आहे. रजिस्ट्रेशन असेल तर रोप आणि सामान बिलात वेगवेगळं दाखवा.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

दोन मदर प्लांट घ्या, जातीचं नाव विचारून. २० काड्या लावा. वही घाला आणि चार तारखा लिहा : लावल्याची, मूळ धरल्याची, कुंडीत हलवल्याची, आणि पावसाळ्यानंतरची मोजणी. पहिल्या वर्षी एकही रोप विकू नका. आगाऊ ऑर्डर तर मुळीच घेऊ नका, कारण जे रोप अजून जगलेलं नाही त्याचे पैसे घेतले की झोप जाते. पुढच्या ऑक्टोबरला २० पैकी आठ जरी उभी असली, तरी तुमच्या गॅलरीत हा धंदा होऊ शकतो. दोनच उरली, तर तुमच्या हवेला दुसरं झाड शोधा. रोझमेरी, गवती चहा, मोगरा. कटिंगचा हात तयार झालाय, तो वाया जात नाही.

त्या ताई परवा पुन्हा आल्या होत्या. भावाने शेडनेट तूर्त थांबवलंय. दोन मदर प्लांट आणि एक ट्रे घेऊन गेल्या.

आणि काकू. २०२३ च्या ऑक्टोबरात पहिलं रोप मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलं. कार्ड वाचून म्हणाल्या, "अगं, हे आधी सांगितलं असतंस तर तेही जगलं असतं." मी म्हटलं, "हो काकू." दुसरं काय म्हणणार? नंतरचे दोन्ही पावसाळे ते रोप त्यांच्या जिन्यातल्या खिडकीत आरामात उभं होतं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी त्याच्या सहा काड्या लावल्या, चार जगल्या. एक शेजारच्या सूनबाईंना दिली, फुकट. मी म्हटलं, माझं गिऱ्हाईक पळवताय तुम्ही. तर म्हणाल्या, "तिला कुंडी तुझ्याकडूनच घ्यायला लावलीये."

कात्री पुसून ठेवा. पुढच्या वेळी रोझमेरी.